पानावरचा मांजराचा पंजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

मी भोरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. एका पुस्तकावर माझा फार जीव. देवदर्शनाला निघालेली माणसं वाटेत एकेक गोष्ट सांगतात — असं सहाशे वर्षांपूर्वीचं, इंग्लंडातलं. छापखाने नव्हते. लेखनिक हातानं नकला करायचे. कुणी ओळ गाळायचा, कुणी गोष्टींचा क्रमच फिरवायचा. हे शिकवताना मला तास संपल्याचं भान राहायचं नाही.

मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा अशी एक नक्कल बघायला ग्रंथालयात गेलो. एकटाच. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काय हवंय? आणि — कसं सांगू? — सव्वीस वर्षं शिकवलेलं इंग्रजी घशातच अडकलं. तोंडातून एकच शब्द पडला : "टॉयलेट."

त्यांनी अदबीनं वाट दाखवली. मी दहा मिनिटं आत बसलो, बाहेर आलो आणि थेट बस धरली.

इथवर नुसता भित्रेपणा. पण भोरला परतल्यावर वर्गात पोरांनी विचारलं, "सर, बघितली का पोथी?" मी म्हणालो, बघितली. तिथंच थांबायचं की नाही? नाही — वर म्हणालो, एका पानावर शाईत बुडालेल्या मांजराच्या पंजाचा ठसा आहे!

वर्ग हसला. गुंजवणे गावची सुवर्णा तेवढी हसली नाही. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

पुढे ती याच नकलांवर संशोधन करायला इंग्लंडला गेली. अख्खा उन्हाळा तिनं तो पंजा शोधण्यात घालवला. फोनवर रडकुंडीला आली होती — "सर, कुठंच न्हाई हो. पान कुठलं होतं?" तेव्हा तरी खरं बोलावं ना माणसानं? मी म्हणालो, "पान गहाळ झालं असेल गं." तिनं प्रबंधात तसंच लिहिलं. माझ्या नावानिशी.

गेल्या महिन्यात गावात तिचा सत्कार झाला. तिच्या वडिलांनी स्टेजवर माझे दोन्ही हात धरले. "सर, तुमी सोत्ता बघून आला, म्हनून पोरगी तिथवर गेली."

मग माईक माझ्याकडे आला. सुवर्णा पहिल्या रांगेत होती. मी तो पंजा केवढा होता ते गावाला बोटांनी दाखवलं. टाळ्या पडल्या — आणि मी त्या हात जोडून घेतल्या.