चपलेचं माप, दोरीवरचं ऊन

टेलरच्या दुकानात किस्से का जमतात, हे मला फार उशिरा कळलं. माणूस माप द्यायला उभा राहतो, हात वर करतो आणि टेप छातीभोवती गेली की त्याला गप्प राहवत नाही. घरचं, वावरातलं, सासुरवाडीचं, काहीतरी बोलतोच. मी बोलायला सावकाश. शाळाही थोडीच झालेली. म्हणून ऐकायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

बोरी अरबच्या बाजारात मी जन्मभर पुरुषांचे शर्ट-पायजामे शिवले. पण सगळ्यात जास्त किस्से जमले ते एका अशा वस्तूचे, जिचं माप द्यायला कोणी तयारच नव्हतं.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. लोक नवं कापड घेईनात. झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवायला आणत. त्याच सुमारास माझी नात वर्षा आजारी पडली. ती कॉलेजात शिकायची, सुट्टीत आईसोबत कापूस वेचायला जायची. पाळीच्या दिवसांत वावरात आडोसा नाही, बदलायला जागा नाही. विकतचं पॅड आणावं तर टाकायचं कुठं? उकिरड्यात पुरलं तर कुत्रं उकरून चौकात आणून ठेवायचं. म्हणून ती जुना कपडा वापरायची, धुऊन धान्याच्या कोठीमागे अंधारात टाकायची. तो नीट वाळायचाच नाही. ओलसर कपड्यानं अंगाला जखमा झाल्या, ताप भरला, दारव्ह्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथली सिस्टर माझ्या सुनेला, सुनंदाला म्हणाली, "कपडा वाईट नाही व बाई, अंधार वाईट आहे. चांगलं सुती घ्या, साबणानं धुवा अन् कडक उन्हात वाळवा. नाही तर पोरगी पुन्हा इथंच येईन."

ते शेवटचं वाक्य आमच्या घरात बरेच दिवस फिरत राहिलं.

*

एका दुपारी सुनंदा आपल्या बचत गटाच्या बायांना घेऊन दुकानात आली. टेबलावर सुती कापड ठेवलं.

"मामाजी, एक वस्तू शिवाची आहे."

"कोणाची?"

"बायांची. घडीचीच, पण शिवलेली. धुऊन वापरता येईन अशी."

मला समजलं. मी टेप गळ्यातून काढली आणि सवयीनं विचारलं, "माप?"

सगळ्या बाया वर छपराच्या पत्र्याकडे पाहायला लागल्या. पत्र्यावर काहीच नव्हतं. मी पण पाहिलं.

मी पुन्हा विचारलं, "निदान लांबी तरी?"

त्यांच्यात कमलाबाई म्हणून एक वयस्कर बाई होती, भाजी विकणारी. तिनं पायातली चप्पल काढली, पदरानं पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"एवढं."

मी खडूनं चपलेभोवती रेघ मारली. मग मला शंका आली. "अन् पोरींसाठी?"

"पोरीले पोरीची चप्पल," कमलाबाई म्हणाली. "इतके वर्स टेलरकी केली मास्तर, एवढंबी समजत नाही काय?"

तेव्हापासून आमच्याकडे तेच माप चाललं. लांबून कोणी निरोप पाठवला की निरोप आणणारी पोरगी पिशवीत त्या बाईची एक चप्पल घेऊन यायची. तोवर घरी त्या बाईच्या एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

*

पहिला माल मी फार मन लावून शिवला. शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून आत बक्रम घालतात. मला वाटलं, या वस्तूलाही घाट टिकायला पाहिजे. मी आत बक्रम घातलं, कडा दुहेरी दाबल्या, वर गरम इस्त्री मारली. इतक्या सुंदर घड्या मी नवरदेवाच्या शर्टालाही पाडल्या नव्हत्या. बाजूचे पंख खालून जोडायला टिचबटनं लावली.

काही दिवसांनी कमलाबाई आली. दुकानात बसली नाही, उभीच राहिली.

"मास्तर, आत काय घातलं होतं?"

"बक्रम. चांगल्यातलं आहे."

"मले समजलंच. दोन दिवस मी हेडमास्तरवाणी चालली. माह्या घरचा माणूस म्हणे, कमले, कोणावर रागावली काय?"

सुनंदा तोंडाला पदर लावून आत पळाली. मी बक्रम बंद केलं. आत जुन्या धुवट लुगड्याचे थर घातले, वर फ्लॅनेल. जुनं लुगडं इतकं मऊ का होतं, याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. एका बाईचं सगळं आयुष्य त्याला लागतं.

*

ते बक्रमवाले नग एका कोपऱ्यात पडून होते. शेजारी रहीमभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. ते दोरा मागायला आले आणि त्यातला एक उचलून उलटापालटा करून पाहिला. बटनं लावून पाहिली, काढून पाहिली.

"मास्टर, ये तो मस्त चीज है. एक लेता हूँ."

मी काही सांगायच्या आत गेले. मला सांगायला वेळ लागतो आणि ही गोष्ट सांगायला तर फारच लागला असता.

संध्याकाळी पाहतो तर त्यांनी ते सायकलच्या दांडीवर बसवलेलं. पंख दांडीखालून वळवून टिचबटनं लावलेली. माप असं बसलं होतं की जणू दांडीसाठीच शिवलंय. वर आपल्या छोट्या नातीला बसवून, घंटी वाजवत साऱ्या बाजारातून एक चक्कर. लोक विचारत होते, "कुठून आणलं भाई?" आणि हे माझ्या दुकानाकडे बोट दाखवत होते.

समोरून त्यांच्या बायको, शकीलाभाभी, भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी सायकल थांबवली. नातीला खाली उतरवलं. दोन्ही बटनं उघडली, ती वस्तू मेथीच्या जुडीखाली पिशवीत घातली आणि सरळ घराकडे चालू लागल्या.

रहीमभाई मला विचारत राहिले, "मास्टर, मैंने क्या किया?"

दुसऱ्या दिवशी भाभी दुकानाच्या पायरीशी आल्या. नजर रस्त्याकडेच ठेवून म्हणाल्या, "मास्टरजी, दो और देना. नरमवाले. दांडी के वास्ते नहीं."

*

माल खपायला लागला, पण खरी अडचण पुढेच होती. बाया शिवलेलं घेत, धूत, आणि वाळवायला पुन्हा अंधारात टाकत. सुनंदा घरोघर सांगत फिरली. एका घरी तिला दोरीवर गोधडी दिसली. गोधडी उचलली तर खाली लुगडं, लुगड्याखाली परकर, आणि त्या परकराखाली आमचा माल.

ती घरी येऊन म्हणाली, "मामाजी, ऊन तिथपर्यंत वाट इचारत जाईन, तवर संध्याकाळ होते."

या लपवालपवीतूनच पुढची भानगड झाली. त्या वर्षी लोकांनी भाव येईल म्हणून कापूस घरातच भरून ठेवला होता. माणसं ओसरीत झोपायची आणि खोलीत छतापर्यंत कापूस. एका घरच्या नव्या सुनेला तेवढीच एक लपायची जागा दिसली. तिनं आपला कपडा त्या ढिगात खुपसून ठेवला, आणि मग तो तिलाही सापडेना.

शेवटी भाव न येताच कापूस गाडीत भरून नेरच्या बाजारात गेला. तिथं व्यापाऱ्याचा माणूस नमुना काढायला आला. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत निळ्या फुलांचं फ्लॅनेल, दोन पंख, दोन टिचबटनं.

त्यानं ते उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग गाडीवाल्याला, म्हणजे त्या सुनेच्या सासऱ्याला विचारलं, "पाटील, हे कोणतं वाण आहे?"

सासऱ्यानंही नीट पाहिलं. तेव्हा दरवर्षी नवं बियाणं यायचं आणि दरवर्षी काहीतरी नवीनच निघायचं.

"मले काय मालूम, साहेब," तो म्हणाला. "बियाणं तर तुमच्याच भावाच्या दुकानातून आणलं."

*

हा किस्सा ऐकून आम्ही हसलो. सुनंदा मात्र हसता हसता थांबली. "दुसऱ्याले सांगून होत नाही मामाजी," ती म्हणाली. "आपल्याच अंगणात दोरी बांधा लागते."

दोरी मी बांधली. कडुनिंबापासून न्हाणीच्या खांबापर्यंत, जिथं सकाळपासून दुपार ढळेपर्यंत ऊन असतं. त्यावर वर्षानं स्वतःच्या हातानं सगळं टांगलं, उघड्यावर, वर काही न झाकता. निळी फुलं, लाल ठिपके, एक चौकड्यांचं, माझ्या शर्टाच्या उरलेल्या तुकड्याचं.

शेजारची ध्रुपताबाई कुंपणावरून म्हणाली, "मास्तर, असं टांगून ठेवसान तर या पोरीचं लगन नाही जमत. पाव्हणे दारातूनच वापस जातीन."

आणि तसंच झालं. वर्षाची कॉलेजची परीक्षा झाल्यावर एक स्थळ आलं. चांगली माणसं होती. दोरीखालून येताना त्यांनी माना खाली घातल्या, त्या शेवटपर्यंत वर केल्याच नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले. वर्षा म्हणाली, "गेले तर गेले, आबाजी." पण त्या रात्री ती जेवली नाही.

मी सुनंदाला हळूच म्हणालो, "पाहुणे येतील त्या दिवसापुरती दोरी सोडू काय?"

ती भाकर थापत होती. थांबली नाही. "मामाजी, पोरीले दवाखान्यात तुमीच उचलून नेलं होतं नं?"

मी दोरी सोडली नाही. पण ध्रुपताबाईचं बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं, हे खरं.

*

मग केळापूरकडचे पाहुणे आले, आणि न कळवता आले. मुलगा, त्याचे वडील आणि काठी टेकत त्याची आजी. जयभीम झाला. मी अंगणात बाज टाकली. ऐन दुपार होती आणि दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली.

मुलाचे वडील बाजेवर बसले. वरून एक थेंब त्यांच्या खांद्यावर पडला. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"हे लंगोट आहेत काय? घरात लहान लेकरू आहे वाट्टे?"

माणूस भला होता. विचारण्यात काही वाकडं नव्हतं. "हो" म्हटलं की झालं. शेजारणीचं लेकरू आहे म्हणावं, चहा करावा, बोलणं पुढे न्यावं. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पण मी बोलायला सावकाश, आणि तो "हो" माझ्या गळ्यातून वर येईपर्यंत वर्षा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"नाही काका," ती म्हणाली. "माहेच आहेत ते."

मुलगा आपल्या बुटांकडे पाहायला लागला. वडिलांनी पाण्याचा पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. कुंपणापलीकडे ध्रुपताबाईचं झाडणं थांबलं.

म्हातारी काठी टेकत उठली. दोरीजवळ गेली. चौकड्यांच्या पॅडचं एक टोक धरून अंगठा आणि बोटात चोळून पाहिलं. आत किती थर आहेत ते चाचपलं. मग दुसरं पाहिलं, मग तिसरं. डोळ्यांवर हात धरून कडुनिंबावरून सूर्य कुठं आला ते पाहिलं. ती सावकाश परत आली, बाजेवर बसली आणि मुलाच्या वडिलांकडे वळली.

"काहून रे किसन, आपल्या अंगणात ऊन कोण्या बाजूनं येते?"