मी बंद म्हटलेलं यंत्र

माझा नातू सांगतो, त्याच्या संगणकाची प्रणाली सगळ्यांसाठी खुली आहे. कुणीही आत डोकवावं, कुणी काय लिहिलंय ते वाचावं. तो हे सांगू लागला की मी विषय बदलतो. का, ते लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आसेगावचे आम्ही दोघे मित्र दूरच्या एका संस्थेत संगणकावर काम करत होतो. तिथे दोन यंत्रं होती. एकाची प्रणाली कंपनीकडून सीलबंद आलेली. ती चालायची छान, पण कशी चालते ते दिसत नसे. बिघडली की कंपनीचा माणूस येईपर्यंत बसून राहायचं. दुसऱ्यावर युनिक्स नावाची प्रणाली होती. मालकी तिचीही परदेशी कंपनीचीच, पण शिकवणाऱ्या संस्थांना ती मूळ मजकुरासकट, म्हणजे ज्या ओळींनी ती बनली त्यांसकट, मिळे. आम्ही ती ओळ न ओळ वाचायचो, बदलायचो. बदलणाऱ्याने शेजारी आपलं नाव लिहायचं, असा रिवाज होता.

मित्र सुट्टीत गावी गेला आणि तापाने तिथेच वारला. मला कळलं तेव्हा त्याची माती होऊन गेली होती.

काही दिवसांनी संध्याकाळी मी खोलीत एकटाच होतो. सात वाजता युनिक्सला जोडलेलं छापणारं यंत्र आपोआप खडखडलं. अक्षरं इंग्रजी, बोली आमची: ‘चाल ना बे घरी. किती वेळ बसतं?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला. या वेळी पुढे माझं नाव.

मी मूळ मजकूर उघडला. वेळ पाहून कामं सुरू करणाऱ्या भागात त्याने सुट्टीवर जाण्याआधी गमतीने, पुढची तारीख टाकून, काही ओळी घालून ठेवल्या होत्या. शेजारी त्याचं नाव. म्हणजे भूत नव्हतं. तरी त्या वाचताना मानेवर कुणाचा श्वास लागल्यासारखं झालं, आणि मी त्या पुसून टाकल्या. प्रत ठेवली नाही.

दिवाळीत गावी मी अर्धीच गोष्ट सांगितली: तो गेला, पण यंत्रातून बोलतो. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे होताना बघून मला बरं वाटत होतं. लवकरच त्याची आई तिन्हीसांजेला त्याच्यासाठी उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवू लागली.

त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतलेला. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला ते तोंडावर हसत. ते आमच्या घरी आले.

“काय रे बापू, भुतं आता इंग्रजी लेहून राह्यले काय?”

मी हसलो नाही.

“मेलेला मानूस बोलत नसते. त्यानंच काही लेहून ठेवलं असन. त्याच्या हातचं असन तं आनून दे मले. त्याच्या मायसमोर ठेवतो. मंग तिचं हे पानी ठेवनं बंद होईन.”

खरं सांगितलं असतं तर त्या ओळी पुसल्याचंही सांगावं लागलं असतं. म्हणून शेजारच्या खोलीतलं ते दुसरं, कंपनीचं यंत्र माझ्या तोंडी आलं.

“ते सीलबंद हाय, काका. कंपनीचं. आत काय हाय ते कोनालेच दिसत नाही.”

“तुलेबी नाही?”

“नाही.”

ते उठले. “मंग तो तिथं नाही, असं तरी मी तिले कसं सांगू?” म्हणाले, आणि गेले.

पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते थकलेले दिसले. भूत मानणाऱ्यांना हसणं त्यांनी सोडलं होतं. मला पाहताच विचारलं, “त्या कंपनीले चिठ्ठी टाकली तं उघडून दाखोतीन काय रे?”

युनिक्सवर वर्षभर काहीच उमटलं नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तोच आतून त्याची आई बाहेर आली. तिने माझा हात घट्ट धरला. तिचा हात थंडगार होता.

“नोको उघडू देऊ, बापू,” ती म्हणाली. “उघडलं तं निंघून जाईन तो.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, आणि हळूच तिला म्हणाले, “नाही उघडत. बंदच राहू दे.”