फाटकापर्यंतचा रस्ता

आमच्या कॉलनीच्या मागून जो ट्रॅक निघतो, तो आधी नाल्याच्या कडेनं जातो, मग तळ्याकाठच्या पाणकणसांतून, आणि शेवटी वनखात्याच्या झाडीत शिरतो. सगळे त्याला जॉगिंग ट्रॅक म्हणतात. जॉगिंग करणारं मी तिथं फारसं कुणी पाहिलेलं नाही. सायकलवाले, शेळ्या, बीपीवाले, शुगरवाले आणि गुडघ्यांपुढे हात टेकलेल्या माझ्यासारख्या बायका. झाडीच्या टोकाला एक लोखंडी फाटक होतं, कायम कुलूपबंद. तिथपर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा आणि माघारी फिरायचं, असा इथला रिवाज. हात न लावता कुणी जरा अलीकडून वळलं, तर बाकीचे त्याला भर रस्त्यात सोलून काढायचे. हात लागून लागून फाटकाचा रंग एका जागी पार उडाला होता.

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. पैठणची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. रिटायर झाल्यावर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नातवाचं नाव, मग आपण जेवलो की नाही ते. मुलगी पुण्याहून फोनवर बजावायची, "आई, बाबांना एकटं सोडू नकोस." फोनवरून सांगायला काय जातं! सकाळची ती फेरी एवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची उरली होती. बाकी आंघोळीपासून शर्टाच्या बटणांपर्यंत माझी मदत लागायची, आणि ती त्यांना सोसवत नव्हती. चिडायचे, तोंड फिरवून घ्यायचे. ट्रॅकवर मात्र ताठ चालायचे, समोरच्याला हात करायचे. मी तळ्याच्या बांधावर बाकावर बसून राहायची. वाटेत कुठं फाटा नाही, शेवटी फाटक. त्याला हात लागला की त्यांचे पाय आपोआप माघारी वळायचे. मला तेवढं पुरे होतं.

मागच्या हिवाळ्यात ट्रॅक वाढवला. फ्लेक्स लागले, फीत कापली, पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला आणि चांगलं काम झालं म्हणाले. ट्रॅक पुढे गेला म्हणजे मधलं फाटक काढलेलं असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे गेले आणि परत आलेच नाहीत. ऊन चढलं. शहागंजात कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ रोज चालायला येत, आमच्या यजमानांशी त्यांची चांगली ओळख. ते लांबून येताना दिसले तशी मी उठून उभी राहिले.

"भाभी, भाईसाब तो आगेच निकल गये," ते म्हणाले. "मैं बोला, वापस नई चलते क्या? तो बोले, फाटक आना है अभी."

त्या भल्या माणसाला काय माहीत! यांच्या आजाराचं मीच कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक कीव करतील आणि यांना ते कळेल, ही भीती.

आम्ही दोघं शोधत निघालो. माझे गुडघे त्या दिवशी कसे चालले ते मला आठवत नाही. जुना ट्रॅक संपला, नवा संपला, पुढे तळ्याची मागची बाजू, नुसता चिखल आणि उंच पाणकणसं. दुपार कलली तेव्हा शेळ्या चारणारी एक बाई आम्हाला हाका मारत आली.

"तुमचं मानूस हाय का व्हय ते? लई येळचे उभे हायेत पाण्यात. बोलवलं तर येईनात."

ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते. बूट गेलेले, हात पाणकणसांनी कापलेले. कापडवाले पाण्यात उतरले तेव्हा हे त्यांच्या अंगावर ओरडले, "हात नका लावू, मला रस्ता माहितीये." माणूस जिवंत सापडला म्हणून मी रडले, आणि ते वाक्य ऐकून पुन्हा रडले.

आता मी बाकावर बसत नाही. त्यांचं मनगट धरून बरोबर चालते. समोरून येणारे कौतुकानं म्हणतात, या वयात काय जोडी आहे! यजमान मात्र मनगट सोडवायला बघत असतात, रोज. परवा कापडवाले भेटले. हे थांबले, त्यांच्याकडे वाकले आणि हळू आवाजात, अगदी अदबीनं म्हणाले, "ही बाई मला सोडत नाही हो. तुम्ही जरा सांगून बघता का?"

कापडवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पकड आणखी घट्ट केली आणि चला म्हणाले.