मस्टँगची डावी बाजू

हात भाजल्याचं लियाकत मुकादमला वासावरून कळलं.

जून महिन्यात अजमानच्या सनय्यात, म्हणजे गॅरेजवाले, टायरवाले आणि भंगारवाले यांच्या वस्तीत, दुपारी कुठलाच पत्रा उघड्या हाताने धरवत नाही. लियाकतने तर नुकतीच वेल्डिंग केलेली पट्टी उचलली होती. ती बाकावर ठेवून तो पाणी प्यायला. शेजारच्या कॅफेटेरियात कोणीतरी कबाब करपवला असेल असं त्याला वाटलं. मग त्याने तळहात बघितला. कातडी पांढरी पडून सुटली होती. दुखत मात्र काहीच नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. त्याने रंगाच्या खोलीकडे नजर टाकली. जावई रिझवान आत फवारणी करत होता. लियाकतने हाताला चिंधी गुंडाळली आणि तो पुन्हा कामाला लागला.

त्याला शुगर होती. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी मागेच तळव्यांना सुई टोचून विचारलं होतं, कळतंय का? सुई दिसत होती म्हणून तो दर वेळी हो म्हणाला. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले, आणि खलास. नसा मरत चालल्यात, बाई म्हणाल्या. हे त्याने घरी सांगितलं नाही, गॅरेजात तर नाहीच.

चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याला डेंटर म्हणतात. ठोकायला कोणालाही येतं, थांबायचं कधी हे हाताला कळावं लागतं. पत्र्यावर पातळ सुती फडकं टाकायचं आणि वरून तळहात अलगद फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खड्डा फडक्याखाली हाताला लागतो. या एका गोष्टीवर लियाकतचं आयुष्य उभं राहिलं होतं. दाभोळच्या खाडीवरून तो आला तेव्हा दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात बारा माणसांच्या खोलीत एका खाटेवर राहायचा. हाताचं नाव झालं तशी खोली मिळाली, बायको मरियमबी आली, मुलगी फिरदोस इथेच वाढली. तिचं लग्न रिझवान पेंटरशी झालं. पुढे रिझवानने स्वतःचं गॅरेज काढलं आणि सासऱ्याला डेंटर म्हणून आपल्या लायसन्सवर घेतलं. लायसन्सवर मोजकेच व्हिसे मिळत. त्यातला एक लियाकतचा, आणि त्याच्या व्हिशावर मरियमबीचा. काम न करणाऱ्या माणसासाठी तो एक व्हिसा अडवून ठेवणं गॅरेजला परवडणारं नव्हतं. हे कोणी बोलून दाखवत नसे. बोलायची गरजच नव्हती.

गावाला त्याने घर बांधलं होतं. गुळगुळीत फरशीचं, मोठ्या गच्चीचं. त्या घराला तो कुलपासकट ओळखत होता, पण तिथल्या शेजाऱ्यांची पोरं त्याला ओळखत नव्हती.

हात भाजल्याची जखम भरली. उन्हाळा सरला, आणि सदानंद वर्तक आपली गाडी घेऊन आले.

गाडी कसली, गाडीचा सांगाडा. एकोणीसशे सत्तर सालची मस्टँग, अमेरिकेत जिला मसल कार म्हणतात त्या जातीची. धैदकडच्या एका फार्महाउसच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं पडून होती. एप्रिलमध्ये सगळी दुबई तुंबली त्या मोठ्या पावसात तिच्यात पाणी शिरलं, आणि मालकाने कंटाळून विकून टाकली. सदानंद शिपिंग कंपनीत मॅनेजर, राहायला दुबईत अल मनखूलला. ट्रेलरवरून गाडी उतरत असताना त्यांचा चेहरा वरात बघणाऱ्या बापासारखा फुलला होता.

"सात हजार दिरहम, लियाकतभाई! म्हणजे एक लाख साठ हजार. तेवढ्यात पुण्याला धड मोटारसायकल येत नाही."

त्यांची मुलगी ईशानी फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, इट्स बेसिकली अ कॉफिन."

"तू गप गं."

रिझवानने गाडीभोवती फेरी मारली, मागच्या चाकावरच्या पत्र्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

"साहेब, सरळ सांगतो. मागचे दोन्ही बाजूंचे पत्रे अमेरिकेतून तयार मिळतात. जुने कापायचे, नवे जोडायचे, रंग मारायचा. रमजानच्या आत गाडी रस्त्यावर."

"आणि मग त्यात सत्तर सालचं उरलं काय? स्टिअरिंग?" सदानंद म्हणाले. "इंजिन मी शारजाला उघडायला दिलंय, ते जुनंच राहणार. बॉडीसुद्धा जुनीच पाहिजे. सडलंय तेवढंच बदला, बाकी ठोकून काढा. आणि रंग काळा. मुळात काळीच होती."

"काळा रंग चहाडखोर असतो साहेब. पत्र्याची एक लहर लपवत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. लोक म्हणतात लियाकतभाईंच्या हातची गाडी काळ्यात बघावी."

रिझवान सासऱ्याकडे वळला. "अब्बा, तुम्ही सांगा. तयार घ्यायचा की ठोकायचा?"

लियाकत खाली बसून चाकाच्या कमानीत बघत राहिला. तयार पत्रा म्हटलं तर जोडणी होईल आणि डेंटरचं काम उरणार नाही. तशीही हल्लीच्या गाड्यांना प्लास्टिकचे बंपर, चेपलं की काढून फेकायचे. ठोकायचं काम वर्षाकाठी दोनचारदा यायचं. आणि ठोकतो म्हटलं तर हात दाखवून अवलक्षण. त्याने पत्र्यावर टिचकी मारली. तिचा आवाज ऐकू आला, बोटाला मात्र कळली नाही.

"पत्रा जिवंत हाय," तो म्हणाला. "निघंल."

सदानंदांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. त्यांनी दाबला हे त्याला दिसलं.

सडलेला भाग कापून त्याने ठिगळं जोडली, तिथवर डोळ्यांनी निभावलं. मग डाव्या बाजूची लांब उतरण आली. चाकाच्या कमानीवरून शेपटापर्यंत एकच वळण, आणि ते चेपून चेपून भोपळ्यासारखं झालेलं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी मारायची. लियाकत पाण्याने पत्रा भिजवून त्यात ट्यूबलाइटची रेघ बघायचा. रेघ सरळ दिसली की थांबायचा, पत्रा सुकवून पुन्हा भिजवला की ती वाकडी असायची. जास्त ठोकलेला पत्रा ताणतो, फुगतो, बोटाने दाबला की टक् करून आत जातो आणि टक् करून बाहेर येतो. तो आवाज यायला लागला होता. एकदा त्याने पत्र्याला गाल लावून बघितला. गालाला कळत होतं.

"काय अब्बा, पापी घेताय?" रिझवान दारातून ओरडला. "सासूबाईंना सांगू?"

लियाकत हसला आणि बाजूला झाला.

त्या रात्री जेवताना तो मरियमबीकडे बघत बसला. ती तांदळाची भाकरी थापत होती. बोलत होती नातवंडांबद्दल, बघत होती टीव्हीकडे, आणि तळहात आपला पिठावर फिरत होता. जाड राहिली होती तिथे आपोआप थांबत होता.

"शुक्रवारी नमाजानंतर माझ्याबरोबर चल."

"खंय? मॉलात?"

"गॅरेजात."

"या अल्ला! बायकोला फिरवायला न्यायची काय जागा!"

शुक्रवारी गॅरेज बंद असे. त्याने शटर अर्धं वर केलं, पंखा लावला, पत्र्यावर फडकं टाकलं. "डोळे मीट. हात फिरव. दाबू नको. पिठावरनं फिरवतेस तसा."

तिने बुरख्याची बाही सावरली आणि हात फिरवला. मग तिचा हात थांबला.

"हितं खड्डा हाय."

"केवढा?"

"केवढा म्हंजे काय? कांद्याच्या सालीएवढा."

त्याने खडूने खूण केली, आतून ठोकळा लावला, दोन हलके ठोके दिले. ती पुन्हा हात फिरवायची. अजून हाय. आता लसणीची साल. आता नाय. मग पुढची जागा. ती विचारत नव्हती की हे तुमी का करत नाय. दुसऱ्या शुक्रवारी ती स्वतःच आधी चप्पल घालून दारात उभी राहिली. "इतकी वर्षं तुमी दिवसभर काय करता ते आता कळला मला," ती म्हणाली. "भाकऱ्याच थापता." तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

डावी बाजू झाली. रिझवानने तपासणीसाठी काळ्या रंगाचा पातळ हात मारला आणि दिवा घेऊन तो पत्र्याच्या शेजारून चालत गेला. प्रकाशाची रेघ कमानीपासून शेपटापर्यंत ताणलेल्या दोरीसारखी त्याच्याबरोबर आली, कुठेच हलली नाही.

"माशाल्ला, अब्बा," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलेला तुमचा हात गेला. मी फिरदोसला बोललोबी होतो. माफ करा. मार्चात व्हिसा नवा करायचाय ना, काळजी करू नका."

लियाकतने मान हलवली. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मग उजवी बाजू. पहिल्याच शुक्रवारी मरियमबी डोळे मिटून हात फिरवत होती आणि तो कमानीच्या आतून ठोकळा धरून इकडून तिकडे सरकत होता. तिने डोळे उघडले तेव्हा तिला जमिनीवर पावलं दिसली. गाडीभोवती एकाच पायाची, काळपट, ओली. आधी तिला ते तेल वाटलं.

"बसा," ती म्हणाली.

"का गो?"

"बसा खाली. चप्पल काढा."

पत्र्याची लांबट कपची चपलेच्या तळातून वर आली होती आणि टाचेत बोटाच्या पेराएवढी रुतली होती. चप्पल रक्ताने चिकट झाली होती. तिने कपची ओढून काढली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पायाकडे नाही.

"कवापासून हाय ही?"

"म्हाईत नाय."

"आल्यापासून?"

"सांगितला ना, म्हाईत नाय."

पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून तिने पाय धुतला. आपल्या ओढणीचा काठ फाडून बांधला. मग उठून पत्र्यावरचं फडकं काढलं, घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ह्या बाजूला मी हात लावायची नाय."

"अगो, एवढीच बाजू राहिली."

"ही झाली की दुसरी गाडी येईल. मी तुमचा हात होईन. पाय कोन होईल? माझ्या चुलत्याचा पाय गुडघ्यातून कापला तो अशाच एका काट्यावरून. जावयाला सांगा."

"सांगितला तर जावा लागंल. तुलाबी. पोरं हितं राहतील फिरदोसची, आणि तू तिकडं रिकाम्या घरात—"

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली, आणि शटर उघडायला गेली. शटर तिला एकटीला उचलेना. तो लंगडत आला आणि दोघांनी मिळून वर केलं.

रविवारी सदानंद डावी बाजू बघायला आले. त्यांनी पत्र्यात आपला चेहरा बघितला, फोटो काढले, बायको साधनाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. मग म्हणाले, "एक्सलंट. आता उजवी कधी?"

"उजवी तयार मागवा, साहेब," लियाकत म्हणाला.

"म्हणजे? अहो, ही तर अशी झालीये!"

"ती मी नाय केली. ठोकला मी, पन हात माझा नव्हता. बायकोचा होता. माझ्या हाताला कळत नाय." त्याने दोन्ही तळवे पुढे धरले, जणू त्यांत काही दिसणार होतं. जुन्या भाजल्याचा तेवढा डाग होता.

रिझवानने हातातली फवारणीची बंदूक खाली ठेवली.

सदानंद गोंधळले. "हो का... आय ॲम सॉरी. मग त्या येऊ नाही का शकणार? म्हणजे आपण त्यांना वेगळं पेमेंट करू. व्यवस्थित."

"साहेब," रिझवान म्हणाला, "ती माझी सासू हाय."

मग रिझवान सासऱ्याकडे न बघता म्हणाला, "कवापासून?"

"दोन वर्सं."

"दोन वर्षं तुम्ही गॅसवर वेल्डिंग करताय. सिलिंडर तिथं, माझा थिनर तिथं. आपली बारकी पोरं डबा घेऊन येतात." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अब्बा, मार्चात..."

"मार्चात जाऊ आमी, ठीक हाय," लियाकत म्हणाला.

सदानंद गाडीच्या मागे उभे राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिले. त्यांनाही ठरवायचंच होतं. "डावी राहू दे," शेवटी ते म्हणाले. "उजवी मागवा. पण मग दोन्ही बाजू काळ्यात वेगळ्या दिसतील ना?"

"दिसतील."

"मग राखाडी करू या. राखाडीत?"

"राखाडीत कायच दिसत नाय," रिझवान म्हणाला.

नवा पत्रा लाकडी खोक्यातून आला तेव्हा थंडी पडायला लागली होती. जुना कापताना कोणीतरी धरायला लागतं, नाहीतर तो आपल्याच वजनाने फाटत जातो. रिझवानने ग्राइंडर हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं, मग कपाटातून चामड्याचे हातमोजे काढून सासऱ्याला दिले. आयुष्यभर लियाकतने हातमोजे घातले नव्हते. मोजे घालून डेंटिंग करणाऱ्याला तो न्हावी म्हणायचा.

"घाला अब्बा. ठिणग्या उडतील."

त्याने घातले आणि पत्रा दोन्ही हातांनी धरला. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या मोज्यांवर पडू लागल्या. पत्रा त्याच्या हातात यायला लागला तसा तो मागे सरकत गेला. त्याने मोज्यांतली बोटं हलवून बघितली. उघड्या हाताला होतं तसंच होतं.