ढगाच्या आधी पोचायचं होतं

कॉम्प्युटर उत्तर देईपर्यंत माणसं गप्पा मारतात, आणि आमचा कॉम्प्युटर फार वेळ घ्यायचा. त्यामुळे नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या खोलीत किस्से भरपूर जमले. प्रोग्रॅम वेगवान झाल्यापासून त्यांची आवक घटली, अशी प्रफुल्लची तक्रार आहे.

खोलीत आम्ही तिघं. प्रफुल्ल, सुजाता आणि परदेशातलं शिक्षण संपवून हट्टानं नागपूरला परतलेली मी. प्रकाशाचा किरण ढगात शिरला की थेंबाथेंबावर आपटत, वळत खाली येतो. अशा असंख्य किरणांचा माग काढायचा आणि ढगाखाली ऊन किती पडेल ते आधीच सांगायचं, हे आमचं काम.

*

सावनेरजवळच्या सोलर प्लांटवर पहिली चाचणी झाली. तिथले मॅनेजर बोढे साहेब डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळल्याशिवाय केबिनची पायरीही उतरत नाहीत. ढग आला, सावली पडली, ढग गेला. मग आमचं उत्तर आलं. अगदी अचूक!

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, उत्तर बरोबर आहे. पण तुमचा ढग आता मध्य प्रदेशात पोचला असन."

त्यांनी आणखी एक संधी दिली. तीही हुकली तर आमचं काम बंद, आणि मला नोकरीसाठी पुन्हा परदेश.

*

ऊन आहे की नाही हे कळायला एवढा वेळ लागतो, हे घरमालकीण काकूंना पटेना.

"काहून वं, तुमच्या खोलीले खिडकी नाही का?"

*

एके दुपारी उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं. प्रफुल्ल तर्री पोहे घेऊन आला. पोहे संपत आल्यावर सुजातानं आकडे पाहिले. वेग वाढावा म्हणून मी प्रोग्रॅमला शिकताना तिकडे लिहिलेला नवा गाभा बसवला होता, आणि तो दुपारचे तीन म्हणजे लंडनचे तीन समजत होता. तेव्हा सावनेरला सूर्य मावळलेला असतो. माग काढायला किरणच नव्हता.

सुजाता म्हणाली, "अंधाराच्या बाबतीत आपला हात कोणी धरू शकत नाही."

*

खरा वेग प्रफुल्लनं आणला. ढगात भटकून क्षीण झालेल्या किरणांमागे कॉम्प्युटर सर्वांत जास्त वेळ घालवत होता. बेसा चौकातले ऑटोवाले अर्ध्या रिकाम्या ऑटोंतल्या सवाऱ्या उतरवून एकाच ऑटोत कोंबतात. प्रफुल्लनं तेच केलं. बरेचसे क्षीण किरण चिठ्ठ्या टाकून वगळले आणि त्यांचं ओझं उरलेल्यांवर चढवलं.

"सवाऱ्या साऱ्या पोचतात, ऑटो कमी लागतात," तो म्हणाला.

सुजातानं आठवडाभर जुन्या उत्तरांशी ताडून पाहिलं. सवाऱ्या खरंच साऱ्या पोचत होत्या.

*

मग शेवटची चाचणी. भर दुपार, प्लांटवर डोळे दिपवणारं ऊन, ढग अजून लांब आणि लहानसा. या वेळी उत्तर आधी आलं: थोड्याच वेळात ऊन निम्म्याहून खाली.

बोढे साहेबांनी स्क्रीन पाहिली. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. पुन्हा स्क्रीन. सुजातानं माझं मनगट घट्ट धरलेलं.

साहेब उठले. डोक्याचा दुपट्टा सोडला, नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि त्या रणरणत्या उन्हात पायरी उतरले.

"चला," ते म्हणाले, "सावली येऊन राहिली."