कोरड्या नदीत उतरलेले काका

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता विसरलो, पण ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. मी मूळ नागपूरचा, पण अख्खी नोकरी ॲरिझोनाच्या वाळवंटात, शेरीफच्या खात्यात झाली. जूनची सकाळ होती. पुण्याहून मुलाकडे आलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे एक काका पहाटेपासून बेपत्ता होते. त्या उन्हात पाण्यावाचून दुपारपर्यंत निभाव लागणं कठीण.

दहाच्या सुमारास खबर मिळाली. टोपीवाला एक म्हातारा पिशवी घेऊन पुलाखाली नदीच्या पात्रात उतरताना एका ट्रकवाल्याने पाहिला होता. पात्र कसलं, नुसती वाळू! पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर तिथे पाण्याचा थेंब नसतो. पथकाने उताराकडे शोध सुरू केला. दमलेला माणूस चढाकडे जात नाही, असा आमचा ठोकताळा.

मी घरी जबाब घ्यायला बसलो. मुलगा म्हणाला, "काही झालं नाही, सर. सगळं नॉर्मल होतं." सून मात्र मान खाली घालून उभी. गप्प बसलेल्याला आधी विचारायचं, ही माझी जुनी खोड.

"पोरी, तुझ्या सासऱ्यांचा जीव धोक्यात आहे. बोल आता!" मी मराठीत दरडावलं.

तिला रडूच फुटलं. "काल मी पूजेचं निर्माल्य ट्रॅशमध्ये टाकलं. बाबा खूप अपसेट झाले. म्हणाले, मॅपवर नदी दिसतेय, वाहत्या पाण्यात सोडून येतो. मला वाटलं, रागात बोलतायत. सकाळी ट्रॅशमधली पिशवी नव्हती."

अरे देवा! म्हणजे हा गृहस्थ पाणी सापडेपर्यंत चालतच राहणार. आणि आमच्या नदीचं पाणी बाराही महिने दिसतं ते फक्त वरच्या अंगाला. तिथे खडक लागतो, वाळूखालचं पाणी वर येतं आणि लांबूनही हिरवी झाडं दिसतात. मी रेडिओवर ओरडलो, "मागे फिरा! वर जा, झाडांकडे!"

मुलाला आणि सुनेला गाडीत घेऊन मीही तिकडे निघालो. दीड तासाने काका सापडले. ओठ फुटलेले, पाय पाण्यात, पण शुद्धीवर. पिशवी मांडीवर तशीच भरलेली.

"काका, निर्माल्य सोडलं नाहीत?" मी विचारलं.

"एवढंसं पाणी, साहेब. काठावर हरणांचे ठसे बघा. किती जीव त्यावर जगतात! त्यात मी फुलं कुजवू?"

सून धावत आली आणि त्यांचा हात घट्ट धरून म्हणाली, "बाबा, परत असं केलंत ना, तर बोलणार नाही मी तुमच्याशी!"

"बरं बाई. तुझ्या मोगऱ्याच्या कुंडीत घालू. चालेल?" काका हसले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

पुढे बेपत्ता माणसाच्या प्रत्येक केसमध्ये मी घरच्यांना आधी विचारायचो, त्याला काय हवं होतं? बहुतेकांना ते ठाऊक असतं, पण घरातलं भांडण पोलिसांपुढे कसं सांगायचं म्हणून गप्प बसतात. त्या मुलीने वेळेत सांगितलं. अहवालात पथकाचं नाव लागलं, पण काकांना घरी आणलं ते तिनेच.