जनावराच्या फॉर्मवरची यादी

माझ्या बायकोच्या मामांना माणूस आणि म्हैस यांतला फरक आयुष्यभर कळला नाही, आणि तो कळला नाही म्हणूनच माझा थोरला मुलगा आज धडधाकट आहे. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं मनात घोळवतो आहे. ते मामांच्या तोंडावर म्हणायचं धाडस माझं झालं नाही. मामा गेले, आता लिहून टाकतो.

मामा बदनापूरला गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. डॉक्टर बहुतेक दिवस दौऱ्यावर असत, त्यामुळे आसपासच्या गावांच्या लेखी मामाच डॉक्टर. हे मोठ्या मिशांचे, धिप्पाड, खाकी सदऱ्यातले गृहस्थ कुणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात जाणार, मग माणसांत येणार. आणि माणसांत आल्यावरही नजर गोठ्यातलीच. जेवलात का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. "चारा-पाणी झालं का?" असंच विचारायचे, मग समोर तहसीलदार का असेना. एस.टी.त चढणाऱ्या एखाद्या लेकुरवाळ्या बाईकडे बघून कंडक्टरला सांगायचे, "बाईला खिडकीपाशी बसू द्या, पान्हा चोरंल ती गर्दीत." आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. मामांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता भरल्या गळ्यानं काहीतरी सांगणार. ते म्हणाले, "जावईबापू, पोरगी गरीब आहे. पण मागून एकदम जवळ जात जाऊ नका. आधी आवाज द्यायचा, मंग जायचं."

शकू, म्हणजे माझी बायको, तीन वर्षांची असताना तिची आई गेली. वडिलांनी दुसरा संसार मांडला, आणि मामांनी बहिणीची ही एवढीशी पोर बैलगाडीत घालून बदनापूरला आणली. तिला वाढवण्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं असावं. त्यामुळे शकूचं माहेर म्हणजे हे दोन खोल्यांचं घर, पुढे ओसरी, अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली एक म्हैस आणि एक मामा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेरात बाई नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं हात जोडले असते. मामा म्हणाले, "म्या आजवर शेकडो बाळंतपणं केली." कुणाची, ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती. मी जालन्यात शाळेत विज्ञान शिकवत होतो. शकूला सातवा लागला तसे मामा एका रविवारी पहिल्या गाडीनं जालन्याला आले, तिला समोर पाटावर बसवलं आणि खिशातून दवाखान्याचा फॉर्म काढला. गाभण जनावराची नोंद करायचा छापील फॉर्म. त्यांनी तो मन लावून भरला. जात: देशी. वय: बावीस. वेत, म्हणजे कितवी खेप: पहिली. स्वभाव: गरीब. शिंगे: इथं ते थांबले, शकूकडे बघितलं, आणि लिहिलं, 'कधीकधी'. मग फॉर्म उलटा करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर खरेदीची यादी सुरू केली. बाळ अंगावर प्यायचं आहे, हे ठरलेलं. मग त्यासाठी काय काय आणायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय आणायचं नाही, यावर त्यांचा अभ्यास पक्का होता. डिंक, अळीव, खारीक, खोबरं, मेथ्या, बाळंतशेपा, बाजरी, गूळ आणायचा. जुन्या धुवट लुगड्यांची दुपटी करायची, नवं कापड बिलकुल नको, टोचतं. पाठीला लोड, कोपराखाली उशी, बुटकं बाजलं. दूध पाजायचं बोंडलं नको. बाटली नको. डब्याचं दूध तर नकोच नको.

"अहो मामा, असू द्यावं एखादं घरात," मी म्हणालो. "वेळ काही सांगून येते का?"

"जावईबापू, घरात डबा असला ना, की माणसाचा जीव डब्यात जाऊन बसतो. मंग आईवर कुणी भरवसा ठेवत न्हाई. आईबी ठेवत न्हाई."

मी गप्प बसलो. मी आयुष्यात बहुतेक ठिकाणी गप्पच बसलो आहे, हे या निमित्तानं कबूल करतो.

खरेदीला मला बरोबर नेलं. जालन्याच्या बाजारातल्या त्या दुपारी मामांनी सात दुकानांतल्या मेथ्या चावून बघितल्या, तीन ठिकाणचा डिंक उन्हात धरून बघितला, आणि एका किराणावाल्याला "हे खोबरं तू स्वतः खाशील का?" असं विचारून त्याचं उत्तर येईपर्यंत हलले नाहीत. पण खरा कस लागला तो बाजल्याच्या दुकानात. बाजलं नुसतं घेऊन चालणार नव्हतं. त्यावर बसून पाजताना पाय जमिनीला टेकतात का, पाठीला रग लागते का, कोपर अधांतरी राहतं का, हे बघायला हवं होतं. शकू घरी. मग मामांनी मलाच बाजल्यावर बसवलं, पाठीशी लोड दिला, आणि आत्ताच घेतलेल्या बाजरीची चार-पाच शेरांची पिशवी माझ्या छातीशी धरायला लावली.

"असं न्हाई. डोकं इकडं. मान आवळू नका त्याची. आता खाली वाका... न्हाई, न्हाई, तुम्ही वाकायचं न्हाई, त्याला वर घ्यायचं!"

मी बाजरीला वर घेतलं. भर रस्त्यावर. तेवढ्यात सायकलवरून आमचे हेडसर चालले होते. ते माझ्याकडे बघून पुढे गेले, थांबले, सायकल वळवून परत आले.

"काय करताय, सर?"

मामा अभिमानानं म्हणाले, "पाजून राह्यलेत. बराबर जमलं बघा आता."

"चालू द्या," हेडसर म्हणाले आणि सायकलवर बसले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही, पण माझ्या रजेचा अर्जही त्यांनी कधी नाकारला नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी काय करावं? मामांना बदनापूरच्या गाडीत बसवून दिलं, आणि स्टेशनातून परत येताना औषधाच्या दुकानात शिरून डब्याचं दूध आणि काचेची बाटली घेतली. डब्यावर एक गुबगुबीत गोरं मूल होतं. ते माझ्याकडे असं बघत होतं, की जणू माझं सगळं खोटं त्याला ठाऊक आहे. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली मी तो डबा पिशवीत लपवला. शकूला सांगितलं नाही. मी मुलांना सस्तन प्राणी शिकवत होतो, पिल्लं आईचं दूध पिऊन वाढतात असं फळ्यावर लिहीत होतो, आणि माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

वैशाखात बदनापूरच्या घरी, सरकारी नर्सबाईंच्या हातून मुलगा झाला. सुट्टी होती, मी तिथंच होतो. आणि अंतरवाली सराटीहून माझी आई आली होती. मामांचं राज्य तिथं संपलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाय टाकायचा नाही, आणि आईचा नियम असा, की पहिले तीन दिवस अंगावरचं पाजायचं नाही. पहिलं दूध घट्ट, पिवळं. तो चीक. तो नासका, बाळाला बाधतो. तो वाटीत पिळून लिंबाच्या बुडाशी ओतायचा, आणि बाळाच्या ओठाला गुळाच्या पाण्याचं बोट लावायचं. तिच्या आईनं असंच केलं होतं, तिच्या सासूनंही. नर्सबाईंनी जाताना "लगेच पाजा" म्हटलं होतं. आई "व्हय बाई" म्हणाली आणि नर्सबाई वळणावर गेल्याबरोबर वाटी मागवली.

मामा ओसरीत येरझारा घालत होते. "इहीणबाई, चिकाबिगर वासरू उभं न्हाई राहत हो!"

"आमचं काय वासरू हाय का?" आतून आई.

"चार पाय नसले म्हणून काय झालं?"

"इवाई, तुम्ही म्हशीचं बघा जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल रडून रडून बारीक आवाजावर आलं. आत शकू हुंदके देत होती, "पाजू द्या ना हो मला." आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "उद्याच्याला, माय. उद्याच्याला." आई दुष्ट नव्हती. ती घाबरलेली होती, माझ्यासारखीच. मला सगळं माहीत होतं. मी दारापाशी जाऊन "आई, पाजू दे" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी दारापर्यंत गेलो, आणि तिथून वळून स्वयंपाकघरात गेलो. पिशवीतून डबा काढला, बाटलीत दूध कालवलं, आणि बूच लावत होतो तेवढ्यात मामा पातेलं घ्यायला आत आले. मी बाटली पाठीमागे लपवली. बूच नीट लागलं नव्हतं. दूध माझ्या पायजम्यावरून टाचेपर्यंत ओघळलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पांढरं थारोळं झालं.

मामांनी थारोळ्याकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे.

"जावईबापू, उन्हाळा लई आहे," ते म्हणाले. "घाम येऊन राह्यला तुम्हाला."

आणि पातेलं घेऊन बाहेर गेले.

आता सांगायला हवं, की ज्या ज्या घरची म्हैस मामांच्या हातून व्यायची, त्या घरून त्यांच्याकडे पहिला चीक यायचा. मामांचा खरवस पंचक्रोशीत प्रसिद्ध होता, आणि माझ्या आईचा त्यावर फार जीव. आमच्या लग्नातही तिनं जिलबीला हात न लावता खरवसाच्या तीन वड्या खाल्ल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच कुणीतरी लोटाभर चीक आणून दिला होता. मामांनी तो पातेल्यात ओतला, गूळ फोडून ठेवला, वेलदोडे कुटले, तेही खोलीच्या दारासमोर बसून, वास आत जाईल असे. आई दारात येऊन उभी राहिली.

"खरवस का, इवाई?"

"व्हता इचार," मामा म्हणाले. "पण ध्यानात आलं, पहिला चीक नासका असतो. बाधला तर तुम्हाला?" आणि दोन्ही हातांनी पातेलं उचलून तडक लिंबाकडे निघाले.

"अवो, थांबा!" आई उंबरा ओलांडून धावली. सोवळं-ओवळं, विटाळ, सगळं विसरून तिनं पातेल्याचा काठ धरला. "एवढं सोन्यासारखं! फेकतं का कुणी!"

मामांनी पातेलं सोडलं नाही. आईनंही नाही. दोघं लिंबाखाली तसेच उभे. म्हैस रवंथ थांबवून बघत होती.

"मंग पोरीचं का फेकता?" मामा म्हणाले. आवाज अगदी हळू. म्हशीशी बोलायचे तसा.

आईनं पातेल्याचा काठ सोडला, पदरानं हात पुसला आणि आत गेली. "घे गं शके, घे त्याला जवळ," असं ऐकू आलं. नंतर थोडी धडपड, लोड सरकवल्याचा आवाज, शकूचं "असं?" आणि आईचं "तू वाकू नको, त्याला वर घे." मी ओसरीत कान देऊन उभा होतो. मग मुलाचं रडणं मधेच थांबलं.

आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझाबी म्या फेकला व्हता रे. मला कुनी सांगलंच न्हाई."

"तरीच!" मामा म्हणाले आणि चुलीवर पातेलं ठेवलं.

त्या दिवशीचा खरवस आईनं खाल्ला, मीही खाल्ला. बाटली आणि डबा मी घाईघाईनं फळीवरच्या पोत्यामागे सारला आणि सुट्टी संपल्यावर तिथंच विसरून जालन्याला आलो. म्हणजे विसरलो असं शकूला वाटू दिलं असतं, पण तिला मुळात ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी बदनापूरला गेलो तर मामा मांडीवर आई मेलेलं शेळीचं करडू घेऊन त्याला काचेच्या बाटलीनं दूध पाजत होते. बाटली कुठली ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मुलगा चालायला लागला, शाळेत गेला, माझ्याहून उंच झाला, आणि मी दर सुट्टीत ठरवायचो, यंदा मामांना सांगून टाकू, की मामा, तो घाम नव्हता. दर सुट्टीत ते विचारायचे, "चारा-पाणी झालं का, जावईबापू?" मी "झालं" म्हणायचो, आणि राहून जायचं.

गेल्या साली मामा गेले. घर आवरायला आम्ही दोघं गेलो. फळीवर तो डबा होता. वरचं गोरं मूल गंजून अर्धं उडालं होतं, आत खिळे होते, आणि खिळ्यांच्या खाली घडी घातलेला फॉर्म. जात, वय, वेत, शिंगे. मागे खरेदीची यादी, प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण. सगळ्यात खाली, मी कधी न बघितलेल्या, त्यांच्या गोल अक्षरातल्या दोन ओळी होत्या.

'जावई डबा आणतील. घाबरट आहेत, पण माया आहे. डबा दिसला तर दिसला नाही असे करावे.'

मी तो कागद शकूला दिला, आणि सगळी हकीकत सांगितली. तिनं ऐकून घेतलं. मग कागद घेऊन ती अंगणात गेली आणि लिंबाखाली, म्हैस बांधायच्या खुंट्यापाशी, पाठमोरी बसून राहिली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मला मागून कळेना. मी जवळ गेलो.

जाण्याआधी आवाज दिला.